मोजमाप आणि निवाडा

सर्व मुलांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ आणि गुणदानाची एकच रीत लावणारी परीक्षा, म्हणजेच प्रमाणित चाचणी, हा मुळात समाजाने शाळेकडे मागितलेला हिशेब असतो. आणि लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेने लोकांना हिशेब द्यावा, यात गैर काहीच नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो हिशेब अपुरा निघाल्यावर त्याची भरपाई कोणी करायची, हे ठरवताना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमक्या याच प्रश्नावर कौल दिला. एम्‌कॅस या नावाने ओळखली जाणारी राज्यस्तरीय चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्र मिळणार नाही, ही दोन दशकांची अट सुमारे ५९ टक्के मतांनी रद्द झाली. आणि हा प्रस्ताव सह्यांच्या मोहिमेतून मतपत्रिकेपर्यंत नेला होता तो मॅसॅच्युसेट्स टीचर्स असोसिएशन या राज्यातील सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेने.

या घटनेमागे जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे. अमेरिकेत सार्वजनिक शाळांची चळवळ उभी करणारे होरेस मान १८३७ मध्ये याच राज्याच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव झाले. शाळांतील छडीवर आणि घोकंपट्टीवर त्यांनी केलेली टीका बोस्टनच्या मुख्याध्यापकांना झोंबली, आणि १८४४ मध्ये त्यांच्यापैकी ३१ जणांनी एकत्र येऊन तिला छापील प्रत्युत्तर दिले. पुढच्याच वर्षी मान यांच्या मित्रांचा भरणा असलेल्या तपासणी समितीने प्रचलित तोंडी परीक्षेऐवजी छापील प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवून लेखी उत्तरे घेतली. निकाल निराशाजनक लागला आणि काही मुख्याध्यापकांना पदे सोडावी लागली. समान लेखी चाचणी अशा रीतीने अमेरिकेत अवतरली ती शिक्षकांशी चाललेल्या वादातले शस्त्र म्हणून. तरीही त्या शस्त्राचा रोख मुलांना मारून शिकवण्याच्या समर्थनावर होता, ही गोष्ट विसरता येत नाही. चाचणीने अन्याय उघडा पाडल्याचे आणि चाचणीनेच अन्याय केल्याचे, असे दोन्ही दाखले एकाच भूमीत सापडतात.

एम्‌कॅसचा जन्मही न्यायाच्या मागणीतून झाला. गरीब गावांतील शाळांना मिळणारा निधी स्थानिक मालमत्ता करावर अवलंबून असल्याने तेथील मुलांच्या वाट्याला तोकडे शिक्षण येते, या तक्रारीवर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मॅकडफी खटल्यात निर्णय दिला, आणि १७८० च्या राज्यघटनेनुसार प्रत्येक मुलाला पुरेसे शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य ठरते, असे स्पष्ट केले. त्याच महिन्यात संमत झालेल्या शिक्षण सुधारणा कायद्यात दोन वचने एकत्र गुंफलेली होती: राज्य शाळांना पुरेसा पैसा देईल, आणि शाळा समान अभ्यासक्रमाच्या कसोटीला उतरतील. चाचणी १९९८ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये शाळा संपवणाऱ्या तुकडीपासून ती प्रमाणपत्राची अट बनली. पैशाचे वचन मात्र मागे पडत गेले. निधीचे सूत्र विशेष गरजा असलेल्या मुलांचा आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांचा खरा खर्च धरत नाही, असा निष्कर्ष राज्यानेच नेमलेल्या आयोगाने २०१५ मध्ये काढला, आणि ती तूट भरून काढणारा कायदा व्हायला २०१९ साल उजाडले. मधल्या काळात मुलांनी आपल्या बाजूचे वचन दरवर्षी परीक्षेला बसून पाळले.

येथे मराठी वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा. महाराष्ट्रात दहावीचे प्रमाणपत्र मंडळ देते आणि मंडळाची परीक्षा हाच त्याचा आधार असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रमाणपत्र स्थानिक शाळा देते, आणि चार वर्षांचे सर्व विषय पूर्ण केल्यानंतरही राज्याची चाचणी ही त्यावरची वेगळी अट होती. पुनर्परीक्षेच्या अनेक संधी असल्याने बहुसंख्य मुले ती ओलांडत. केवळ या अटीपायी अडकणाऱ्यांचे प्रमाण वर्षाकाठी सुमारे एक टक्का, म्हणजे सातशेच्या आसपास होते. परंतु त्यांत मोठा वाटा अपंगत्व असलेल्या आणि परदेशातून येऊन इंग्रजीशी झगडणाऱ्या मुलांचा होता. न्यायालयाने ज्यांच्यासाठी राज्याला जबाबदार धरले होते, त्यांच्यातीलच सर्वांत दुबळ्यांवर त्या जबाबदारीचा भार येऊन पडला.

शिक्षक संघटनांचा विरोध केवळ या एका अटीपुरता नव्हता. जानेवारी २००२ मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या संघराज्यीय कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताच्या चाचण्या अनिवार्य केल्या आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले अपेक्षित पातळीवर आणण्याचे लक्ष्य शाळांपुढे ठेवले. पुढे चाचणीच्या गुणांतील वाढीवरून शिक्षकाची कामगिरी ठरवणारी गणिती पद्धत, म्हणजे मूल्यवर्धित प्रतिमान, अनेक राज्यांनी स्वीकारली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये सावध केले की, गुणांतील तफावतीचा बहुतेक अभ्यासांनुसार फक्त १ ते १४ टक्के भाग शिक्षकांशी जोडता येतो. २०१२ च्या शिकागोतील संपात या मूल्यमापनाचा मुद्दा अग्रभागी होता, आणि २०१३ मध्ये सिॲटलच्या गारफील्ड हायस्कूलमधील शिक्षकांनी एक चाचणी घेण्यासच नकार दिल्यावर तेथील प्रशासनाला ती माध्यमिक शाळांसाठी ऐच्छिक करावी लागली.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे हलके लेखण्याजोगे नाही. गव्हर्नर मॉरा हीली यांच्यासह प्रस्तावाच्या विरोधकांची भीती अशी होती की, समान अट गेल्यावर प्रत्येक गाव आपापला मापदंड ठरवील, आणि गरीब वस्तीतील मुलांच्या हाती गोड गुणपत्रिका पडतील, विद्या मात्र पडणार नाही. १९९३ नंतर हे राज्य राष्ट्रीय पातळीवरील पाहणीत देशात अग्रस्थानी पोहोचले, हेही खरे. मात्र निधी आणि चाचणी एकाच कायद्याने आल्यामुळे त्या यशातील कोणाचा वाटा किती, हे निर्विवादपणे सांगता येत नाही. शिवाय संघटना ही शिक्षकांच्या हिताचीही राखणदार असते, त्यामुळे तिने मुलांच्या नावाने केलेल्या मागणीकडे समाजाने चिकित्सेने पाहावे, हे रास्तच आहे.

या सर्व वादाचा गाभा मोजमाप आणि निवाडा यांतील अंतरात आहे. ताप किती आहे हे तापमापक सांगतो, पण तेवढ्यावरून रुग्णाला दवाखान्याबाहेर काढता येत नाही. तसेच चाचणीचे गुण शाळेला कोठे मदत हवी आहे हे दाखवू शकतात, परंतु एका मुलाच्या भवितव्याचा शेवटचा शब्द त्यांना देणे अन्यायाचे आहे. २०२४ च्या कौलाने हे अंतर पुन्हा प्रस्थापित केले. संघराज्यीय कायद्यानुसार चाचण्या आजही होतात आणि त्यांचे निकाल आजही जाहीर होतात. गेला तो फक्त मुलाच्या वाटेतील अडसर. लोकांना मिळणारा हिशेब त्यामुळे तसूभरही घटलेला नाही.

मात्र या विजयाने शिक्षकांवर नवे ऋण चढले आहे. चाचणीचा निवाडा नाकारणे म्हणजे शिक्षकाच्या निवाड्यावर विश्वास मागणे, आणि हा विश्वास आपला निर्णय इतरांना तपासू देणाऱ्यालाच मिळतो. काही जिल्ह्यांनी आणि त्यांच्या स्थानिक शिक्षक संघटनांनी २०१६ पासून एकत्रितपणे चालवलेल्या उपक्रमात याची वाट दिसते: प्रयोग, निबंध आणि प्रकल्प यांसारखी प्रत्यक्ष कामे मुलांकडून करून घ्यायची, त्यांचे निकष आधी उघड ठरवायचे आणि गुणदानातील सुसंगती शिक्षकांनी परस्परांचे काम पाहून पारखायची. हे काम वेळखाऊ आहे, त्याला निधी लागतो, आणि मतदानाइतके ते कधी गाजणार नाही. तरीही संघटनेने मोहिमेत लावलेली सगळी शक्ती आता याच कामी लावली पाहिजे. कारण चाचणीमुळे अडलेल्या सातशे मुलांना न्याय मिळायचा, तर त्यांच्या हाती पडणाऱ्या प्रमाणपत्रामागे खरे शिक्षण उभे असले पाहिजे, आणि ते उभे आहे याची ग्वाही देण्याचे दायित्व शिक्षकांनी आपण होऊन मागून घेतले आहे.