माळकऱ्याचं लिव्हर

अण्णा माळकरी. चहा सोडला तर व्यसन नाही. तरी तालुक्यापासून पुण्यापर्यंत ज्याने केसपेपर हातात घेतला त्याने आधी हेच विचारलं, ‘आजोबा, किती घेता?’ नाही म्हटलं की मोर्चा माझ्याकडे, ‘खरं सांगा, आता लपवून काय उपयोग?’ एकाने तर हसत विचारलं, ‘माळ कधी घातली, आजारी पडल्यावर?’ अण्णांनी उत्तर दिलं नाही. माळ तेवढी शर्टाच्या आत सारली. त्या माणसाचं हसू मला अजून आठवतं आणि हात शिवशिवतात.

जुना मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलं तर दारूच्या थेंबाविनाही सिऱ्हॉसिस होतो, हे डॉक्टरला मी सांगायचं? लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त पोर्टल शिरेत तुंबतं, दाब वाढतो आणि आडवाटेच्या शिरा फुगतात. बहुतेकांच्या अन्ननलिकेत, म्हणून दुर्बीण घातली. तिथे काही फुटलेलं नव्हतं. उलटी एकदाही नाही, शौचातून मात्र लालभडक रक्त. मग मूळव्याध ठरली. खालून दुर्बीण घातली, तीही साफ. रक्त चढत होतं, वाहत होतं. तेही हिमोग्लोबिन 8 पर्यंतच, जास्त चढवलं तर दाब वाढून पुन्हा फुटतं म्हणे.

शेवटी रात्रपाळीच्या एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने सदरा वर केला. ‘आजोबा, हे टाके कसले?’ तरुणपणी टायफॉइडने आतड्याला भोक पडलं होतं, तेव्हाचं ऑपरेशन. पोटावर वीतभर व्रण, आणि तोवर कोणी त्याबद्दल विचारलं नव्हतं! आतडं व्रणाला आतून चिकटलं होतं आणि तिथूनच तुंबलेल्या रक्ताने वाट काढली होती. सीटी अँजिओत लहान आतड्यातला फुगलेल्या शिरांचा गुंता दिसला.

मानेतल्या शिरेतून नळी घालून लिव्हरच्या आतच स्टेंट बसवला, पोर्टल शिरेतलं रक्त थेट पुढे जावं म्हणून. त्याला टिप्स म्हणतात. त्याच वाटेने गुंत्यात कॉइल आणि ग्लू भरला. रक्त थांबलं.

आता वाटतं, दारूचं विचारायला हवंच, लपवणारे असतातच. पण एकदा विचारा आणि पुढे सरका.

टिप्सचंही फुकट नाही. लिव्हरला वळसा घालून गेलेला अमोनिया डोक्यात चढतो. एका पहाटे अण्णा केव्हाच विकलेल्या बैलांना वैरण टाका म्हणाले. तेव्हापासून लॅक्टुलोज सुरू आहे, दिवसातून दोन-तीनदा शौचाला झालंच पाहिजे. अण्णांना ते गोडमिट्ट वाटतं, रोज कटकट. त्यात यंदा वारीला जायचंय म्हणतात. मुक्कामाच्या गावांत संडासाची सोय कुठे कशी आहे, ते मी फोन करून विचारतोय.