वाट पाहणारा

मराठीतील 'पाळणे' या क्रियापदाचा पसारा पाहण्यासारखा आहे. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो आणि कुत्राही पाळतो. यांतला शेवटचा प्रयोग सोडला, तर बाकी सर्व ठिकाणी बंधन पाळणाऱ्यावर असते. शब्द पाळणारा शब्दाने बांधलेला असतो, पथ्य पाळणारा पथ्याने. कुत्र्याच्या बाबतीत मात्र साखळी आपल्या हातात आणि पट्टा त्याच्या गळ्यात, अशी आपली सोयीची समजूत असते. प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक प्रौढ कुत्रा घरी आणल्यानंतर या समजुतीला जे तडे गेले, त्यांविषयी थोडे लिहावे असे वाटते.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एक ठाण्यात, एक कल्याणला. राहतो डोंबिवलीत. घरातील वडीलधारी व्यक्ती म्हणजे आई, एकाची जन्मदात्री आणि दुसऱ्याची सासू. त्यांचे बालपण कोकणात गेले. जेवणापूर्वी कुत्र्यासाठी घास काढून ठेवायचा, पण त्याला ओटीच्या आत घ्यायचे नाही, हा त्यांच्या घरचा नियम. निवाऱ्यातून कुत्रा आणण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "कुत्रं दारात शोभतं, माजघरात नाही." सदनिकेत दार आणि माजघर यांत अंतर चार पावलांचे, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणून दिले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. ही संमती नव्हती, पण नकारही नव्हता.

या अंगण-माजघराच्या वादाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२मध्ये मुंबईत पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या प्रयत्नांतून भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. पांजरापोळीची कल्पना मूलतः आसऱ्याची आहे. तिथे गेलेल्या जनावराने उरलेले आयुष्य तिथेच सुखाने काढावे, ही अपेक्षा. आजचा निवारा याच्या नेमका उलट विचारावर चालतो. तिथे आलेल्या प्राण्याने बरे होऊन तिथून बाहेर पडावे, कोणाच्या तरी घरी जावे, हे त्याचे यश. ठाण्याची एसपीसीए, डोंबिवलीत सुरू झालेली पॉज अशा संस्थांमुळे हा विचार आमच्या उपनगरांतही रुजला. २००१च्या नियमांनी कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांची नसबंदी व लसीकरण करण्याचे धोरण देशभर लागू केले. २०२३मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे भटक्या कुत्र्यांचा प्रश्न पुन्हा देशभर गाजला. 'निवारा' हा शब्द तेव्हा काहींच्या तोंडी आसऱ्यासारखा, तर काहींच्या तोंडी तुरुंगासारखा वापरला जात होता. शब्द एकच, आशय बोलणाऱ्याच्या मनातला.

आम्ही निवाऱ्यात गेलो ते २०२२च्या जानेवारीत. टाळेबंदीत एकटेपणावर उपाय म्हणून अनेकांनी पिल्ले घरी नेली होती आणि कचेऱ्या सुरू होताच त्यांतली काही परत येऊ लागली होती. तिथल्या कार्यकर्त्या बाईंनी आमची जवळपास तोंडी परीक्षाच घेतली. दिवसभर घरी कोण असते, गावी जाताना काय करणार, दरवर्षीची रेबीजची लस कोण लक्षात ठेवणार, घरातील वृद्ध व्यक्तीचे मत काय. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना अशी उत्तरे देताना घाम फुटला. मग अर्ज, ओळखपत्राच्या प्रती, हमीपत्र, आणि घर पाहण्यासाठी एक भेट. पिल्लांच्या पिंजऱ्यापुढे गर्दी होती. कोपऱ्यात एक पांढरा कुत्रा पाठमोरा बसला होता. वय आठाच्या आसपास, एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, हा त्यांपैकीच. रेल्वे स्थानकाजवळ सापडला, गळ्यात पट्टा होता, एवढीच माहिती. निवाऱ्यात त्याला 'शंभू' म्हणत.

'दत्तक' हा शब्द या संदर्भात आपण सहज वापरतो. परंतु दत्तविधानाला देणारा आणि घेणारा असे दोघे लागतात. देणाऱ्याशिवाय 'दत्त' कसला? इथे देणारा गैरहजर असतो. जुन्या पोथ्यांचे संपादन करणाऱ्यांना आरंभीची पाने गहाळ झालेली पोथी कधीतरी मिळते. मजकूर मधूनच सुरू होतो आणि आधी काय घडले, ते उरलेल्या पानांतील खुणांवरून ताडावे लागते. शंभूचे तसेच होते. 'सिट' म्हटले की तो शून्यात पाही, 'बस' म्हटले की लगेच बसे. म्हणजे आधीचे घर मराठी. नारळ फोडल्याचा आवाज आला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हजर. म्हणजे तिथे खोबऱ्याचा तुकडा मिळत असणार. झाडूला मात्र तो भीत नव्हता, आणि या एका खुणेने आम्हाला फार बरे वाटले.

एक खूण उलगडेना. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तो उठे, दाराशी जाऊन बसे आणि फटीला नाक लावून राही. जिन्यात पाऊल वाजले की कान उभे होत; पाऊल पुढच्या मजल्यावर निघून गेले की खाली पडत. आठ वाजता उठून तो पाणी पिई. आम्ही दोघे घरात, त्याच्या समोर असलो तरी हे चाले. पहिल्या काही आठवड्यांत त्याला हाक मारून, बिस्कीट दाखवून तिथून उठवण्याचे प्रयत्न आम्ही केले. तेव्हा आई म्हणाल्या, "त्याला उठवू नका. वाट पाहणाऱ्याला कुणी उठवू नये."

आईंचे यजमान पस्तीस वर्षे डोंबिवलीहून मुंबईला लोकलने गेले-आले. त्या काळी फोन घरोघर नव्हते. गाडी उशिरा आली तर कारण कळण्याचा मार्ग नसे, फक्त दाराकडे पाहणे असे. हे आम्ही ऐकून जाणत होतो, पण त्याचा अर्थ त्या संध्याकाळी उमगला. त्यानंतर सात वाजता आई आपली खुर्ची दाराजवळ ओढून घेऊ लागल्या. दोघे तासभर तिथे बसत. मधूनच त्या त्याला म्हणत, "येतील हो." कोण, ते दोघांनीही कधी एकमेकांना विचारले नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर फडके रोडलगतच्या एका गल्लीत समोरून एक तरुण येताना पाहून शंभू ताठ उभा राहिला आणि साखळीला हिसडा देऊन त्याच्याकडे झेपावला. तो तरुण रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. "मोती," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. कुत्र्याला टाकणाऱ्या माणसाला काय काय सुनवायचे, याची आमची मनातल्या मनात अनेकदा तयारी झालेली होती. ती तशीच राहिली. त्यांची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली, भाड्याच्या घराच्या मालकाने कुत्रा चालणार नाही म्हणून सांगितले, नातेवाइकांकडे ठेवला तेथून तो सुटून पळाला. शोधला, सापडला नाही. यात खरे किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हाला वाटला नाही. आम्ही एकच विचारले, संध्याकाळी सातला कोण घरी येई? "बाबा," तो म्हणाला. "करोनात गेले. मोती त्यांचाच होता."

आज तो कुत्र्याला मागणार, या भीतीने आमचे हात साखळीवर घट्ट झाले होते, हे लिहिले पाहिजे. त्याने मागितले नाही. "जा," असे म्हणून तो वळला. मोती त्याच्यामागे चार पावले गेला, थांबला, दोन्हीकडे पाहिले, आणि मग आमच्या पायांशी येऊन उभा राहिला. त्याने आमची निवड केली, असे कोणी म्हणू नये. साखळी आमच्या हातात होती.

महाभारतात कुत्रा दोन टोकांना येतो. आदिपर्वाच्या आरंभी, पौष्यपर्वात, जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला काही अपराध नसता मारतात. ती यज्ञमंडपात येऊन जाब विचारते आणि तिला कोणी उत्तर देत नाही. महाप्रस्थानिकपर्वात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारतो. हा दुसरा प्रसंग आपण वर्गात नेहमी सांगतो, कारण त्यात माणूस थोर ठरतो आणि कुत्रा शेवटी साक्षात धर्म निघतो. निवाऱ्याचा अनुभव घेतल्यावर आम्हाला पहिला प्रसंग अधिक जवळचा वाटू लागला. त्यातले पिल्लू कोणाचेही रूप नाही, ते पिल्लूच आहे. त्याच्या आईच्या प्रश्नावर राजपुत्र गप्प राहतात, तसे प्रत्येक निवाऱ्यातील पाठमोऱ्या जनावरापुढे आपण गप्प असतो. घरी नेणे हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. प्रश्न ऐकू आला, एवढीच ती कबुली.

आता तो बारा वर्षांचा झाला असेल. मूत्रपिंडे थकली आहेत, आहार पथ्याचा आहे, खोबरे बंद आहे आणि त्याबद्दल त्याचा आमच्यावर राग आहे. आम्ही त्याला शंभू म्हणतो, आई मोती म्हणतात. तो दोन्ही हाकांना येतो. संध्याकाळची बैठक अजून चालू आहे. आमच्यापैकी जो सातच्या गाडीने परततो, त्याला दार उघडताच शेपटी हलताना दिसते. ती आपल्यासाठी की आपल्यामागून येऊ शकणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी, ते ओळखता येत नाही. आईंना आम्ही एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर या म्हणजे झालं." तेव्हापासून वेळ पाळणे आणि कुत्रा पाळणे ही आमच्या घरात एकच गोष्ट झाली आहे.