नव्वद दिवसांची नोटीस

शनिवार आहे, पाऊस लागलाय आणि सकाळपासून तीनदा लाइट गेली. इन्व्हर्टरच्या भरवशावर लिहितोय. "नोकरी सोडलीस ते बरं केलंस का?" असं इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं सविस्तर उत्तर द्यावं म्हटलं.

माझं घर आटगावला, म्हणजे सीएसएमटीपासून सुमारे ९५ किलोमीटर. ऑफिस महापेला. कसाऱ्याहून येणारी लोकल पकडायची, सव्वा-दीड तासाने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने घणसोली, मग रिक्षा. जाऊन-येऊन पाच तास. अशी चौदा वर्षं काढली. गाडीतला ग्रुप, भजन, भांडणं, खिडकीतून दिसणारा माहुली, सगळं अंगवळणी पडलं होतं. तक्रार नव्हती.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं. वाटलं, पाच तास वाचले! पण वाचलेले पाच तास कंपनीने कधी खिशात घातले ते कळलंच नाही. रात्री अकराचा कॉल, मग साडेबाराचा. अशाच एका कॉलवर असताना अण्णांची शुगर एकदम खाली गेली. बायकोने शेजाऱ्याला उठवून त्यांना रिक्षात घालून शहापूरला नेलं. मी दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून "येस, आय ॲम हिअर" म्हणत होतो. ती निघून गेल्याचं मला वीस मिनिटांनी समजलं. अण्णा बरे झाले. मी मात्र त्या वीस मिनिटांतून बाहेर आलो नाही.

२०२२ मध्ये राजीनामा दिला. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा.

अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते. त्यांचा पहिला प्रश्न, "एक तारखेला पैसे कोण देणार?" मी म्हटलं, "अण्णा, क्लायंट देतील." "सगळे मिळून एक तारखेलाच देतील ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी थोरामोठ्यांचा आधार घेतला. इंजिनिअर माणसाला असा आधार म्हणजे विश्वेश्वरय्या! त्यांचं शिक्षण पुण्याचं, १८८४ पासून नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. १९०८ मध्ये त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली आणि परदेश दौऱ्यावर गेले. त्याच सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं आणि निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांना बोलावून घेतलं. हे मी अण्णांना मोठ्या उत्साहात सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यांना बोलावलं ते खडकवासला बघून. तुझं खडकवासला कुठंय?"

प्रश्न झोंबला, पण बरोबर होता. खूप विचार केल्यावर सापडलं ते एवढंच : संथ चालणारे डेटाबेस मी वेगात आणू शकतो. तेच विकायला काढलं.

पहिली चूक दराची. पगाराला बावीस दिवसांनी भागलं आणि तोच रोजचा दर सांगितला. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ गेले. सण, आजारपण, सुट्टी धरून आणखी पस्तीसेक. उरलेल्यांपैकी तिसरा हिस्सा काम शोधण्यात, प्रस्ताव लिहिण्यात आणि बिलांमागे धावण्यात जातो. पैसे मिळतात असे दिवस जेमतेम दीडशे! शिवाय पीएफमधला कंपनीचा वाटा बंद, ग्रॅच्युइटी बंद, भरपगारी रजा बंद.

दुसरी चूक विम्याची, आणि ती जास्त लागली. अण्णा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होते. ती माझ्याबरोबर संपली. नवीन पॉलिसीत मधुमेहासाठी काही वर्षं थांबा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वेळेत जाण्याची सोय असते, हे नोटीस पिरियडचे नव्वद दिवस निघून गेल्यावर कळलं.

तिसरी चूक उधारीची. पहिल्या मोठ्या क्लायंटचा महिनाअखेरचा रिपोर्ट नऊ तास चालायचा. तो मी दोन दिवसांत चाळीस मिनिटांवर आणला. बिल पाठवल्यावर साहेब म्हणाले, "दोनच दिवसांचं तर काम होतं!" पैसे यायला सत्त्याण्णव दिवस लागले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर चक्रवाढ व्याज, असा कायदा २००६ पासून आहे. पण मी उद्यम नोंदणीच केली नव्हती, मग कायदा कुणाला दाखवणार?

त्या दिवसांत जुन्या मॅनेजरला परत घेता का म्हणून मेल लिहून ठेवला होता. रात्री ओट्यावर बसून अण्णांना तसं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. नंतर भातसाचंही गेलं. आणि उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. चौदा वर्षं तुझंही तेच चाललं होतं. आता थोडं घरात राहू दे."

मेल पाठवला नाही.

आता हिशेब. पहिल्या वर्षी जुन्या पगाराच्या दोन तृतीयांश कमाई झाली. तिसऱ्या वर्षी थोडी वर गेली. आता तीस टक्के ॲडव्हान्स घेतल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. दिवसांवर दर लावत नाही, कामाचा लावतो. रात्री आठनंतर फोन दुसऱ्या खोलीत. मोकळा झालोय म्हणाल, तर तसं नाही, काळजी तेवढीच आहे. फक्त आता "पुरे" कधी म्हणायचं ते मी ठरवतो. नोकरीत तो अधिकार माझ्याकडे नव्हता, आणि मी तो कधी मागितलाही नव्हता.

तुम्ही सोडावी का? वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा, घरच्यांचा विमा आधी स्वतःच्या नावावर करा, आणि आपलं खडकवासला कुठं आहे ते शोधा. सापडलं नाही तर आणखी थोडे दिवस लोकल पकडा. त्यात कमीपणा काही नाही.

असो. लाइट आली. सोमवारी एका साहेबांना फोन करायचाय, बिलाचा पंचेचाळिसावा दिवस आहे.