भुऱ्यासाठी सोळा खांब

आमच्या नागऱ्यात घरामागच्या मोकळ्या जागेला वाडी म्हणतात. वाडीला कुंपण असतं, पण ते कसलं? थोड्या तुराट्या, थोड्या बांबूच्या कमच्या, बोरीच्या चार फांद्या, आणि जिथे यातलं काहीच नाही तिथे बेशरम. ज्यांनी बेशरम पाहिली नाही (पुण्या-मुंबईचे आमचे नातेवाईक!) त्यांच्यासाठी सांगतो, ही तळ्याकाठी वाढणारी, जांभळट गुलाबी फुलांची झुडपं. फांदी तोडून ओल्या मातीत खोचली की झाड तयार. गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत, म्हणून तिचं कुंपण होतं. गाई-म्हशींना एवढं पुरतं. कुत्र्याला नाही पुरत.

भुऱ्या आमचा गावठी कुत्रा, वय दोन वर्षं. स्वभावाने गरीब, पण कोंबडी दिसली की त्याचं डोकं फिरतं. मागच्या तान्ह्या पोळ्याला त्याने शेजारच्या आजींची एक कोंबडी मारली. आम्ही पैसे दिले, आजींनी घेतले, विषय तिथे मिटला असं वाटलं. संध्याकाळी आजींचा मुलगा दारात उभा राहून शांतपणे म्हणाला, "भाऊ, या वेळी सांगाले आलो. पुढच्या वेळी सांगाले येनार नाई." खेड्यात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मटणाच्या तुकड्यात काय घालतात ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्याचा रागही आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर सांगायलाही आलो असतो की नाही, कोण जाणे.

साखळीने बांधून ठेवा, हा सल्ला सगळ्यांनी दिला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा जो 1960 चा कायदा आहे, त्यात फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरला आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हेसुद्धा त्यातच येतं. कायदा बाजूला ठेवला तरी दिवसभर बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, हे गल्लीत कुणालाही विचारा. महाशिवरात्रीला इथल्या महादेवाच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो, तेव्हा चिडकं कुत्रं दारात असणं परवडणार नाही. एका परिचिताने "थोडा करंट सोडून द्या" असंही सुचवलं. रानडुकरांसाठी शेताला सोडलेल्या करंटने विदर्भात माणसंही गेली आहेत आणि वाघही. त्यामुळे त्याला चहा पाजून निरोप दिला.

तर कुंपण. घराची भिंत सोडून उरलेल्या तीन बाजू मोजल्या, 32, 48 आणि 32 फूट, म्हणजे एकूण 112. दर आठ फुटांवर एक खांब धरला तर पंधरा खांब, आणि फाटकासाठी जास्तीचा एक, असे सोळा. जाळी कोणती हा प्रश्न एका दिवसात सुटला. खांब कोणते, यात तीन आठवडे गेले.

लाकूड आईने पहिल्याच दिवशी बाद केलं. "उधईले जेवन घालतेस का?" सिमेंटचे पोल स्वस्त पडतात आणि शेताला ठीक असतात, पण ते उतरवताना कडा उडतात, चीर पडली की आतल्या सळीला गंज धरतो आणि मग तो गंजच सिमेंटला फोडत जातो. शिवाय त्यांना फाटक टांगणं म्हणजे कसरत. राहिलं लोखंड. त्यात दोन पर्याय, गोल जी. आय. पाइप किंवा अँगल.

पाइप दिसायला सुंदर. जस्ताच्या थराचा गुण असा की ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. दुकानात पाइपावर रंगाचे पट्टे दिसतात, पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जाड. आमच्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी मला भंगारातले जुने पाइपही दाखवले, अर्ध्या किमतीत. पाइपाची अडचण अशी की तो आतून दिसत नाही. तोंडाला टोपण नीट बसलं नाही तर पावसाचं पाणी आत उतरतं, बाहेरून रंग चकाचक आणि आतून पोकळ होत चाललेला. जुन्यात तर आधीच काय झालं आहे ते कळत नाही. वर टोपण नसलेल्या पाइपात गांधील माश्या घर करतात, ते वेगळंच.

अँगलचं सगळं उघडं असतं. गंज आला तर दिसतो, दिसला तर खरवडून रंगवता येतो. भोकं पाडून तार ओवता येते. मी अँगल घेतला. 40 बाय 40 चा, 5 मिलीमीटर जाडीचा, मीटरला तीन किलो भरतो. एक नग सहा मीटरचा, त्याचे बरोबर तीन तुकडे होतात, साडेसहा फुटांचे. चौदा खांब आणि दोन कोपऱ्यांना दोन-दोन तिरपे टेके, असे अठरा तुकडे, म्हणजे सहा नग. फाटकाच्या दोन खांबांना मात्र 50 बाय 50 चा, 6 मिलीमीटरचा जाड अँगल घेतला. फाटकाचा सगळा भार तिथे येतो, आणि तिथला खांब झुकला की कडी लागत नाही. कडी लागली नाही तर बाकीच्या खांबांचा उपयोग काय? त्याचा एकच नग घेतला, तुकडे तीन, लागणारे दोन. लोखंड एकूण 135 किलो झालं. दुकानदार वजनाने पैसे घेतो, त्यामुळे हा हिशेब आधी कागदावर केलेला बरा.

फाटक कुठे ठेवायचं यावर मात्र भाऊंचं आणि माझं जुळेना. त्यांचं म्हणणं, कोपऱ्यात ठेवा, कोपऱ्याचा खांब तसाही टेक्याने मजबूत असतो. बोलणं बरोबर होतं. पण दोरी बांधून खुणा करत होतो तेव्हा आजी फुलांची परडी घेऊन तिथे उभ्या होत्या. त्या गेली कित्येक वर्षं रोज सकाळी आमच्या वाडीतून येतात, जास्वंदाची आणि कण्हेरीची फुलं तोडतात, आमच्या विहिरीवरून एक घागर भरतात आणि आईशी दोन शब्द बोलून परत जातात. त्यांच्या पायांनी तिथे पायवाट पडली आहे, गवत उगवत नाही. दोरी त्या पायवाटेला आडवी गेली होती.

"काहून गा, मले बी बंद करतेस का?" आजी हसत म्हणाल्या. हसत म्हणाल्या खऱ्या, पण दोरी ओलांडून त्या आत आल्या नाहीत. तिथूनच परत फिरल्या. कोंबडीच्या दिवशीसुद्धा त्या आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेल्या होत्या.

मी भाऊंना सांगितलं, फाटक पायवाटेवरच होणार, काय जास्तीचे पैसे होतील ते घ्या. त्यांनी डोक्याला हात लावला आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या.

खड्डे खणायला दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला. आमच्याकडची माती मोरांड, उन्हाळ्यात सब्बल परत उसळते आणि पावसाळ्यात खड्डा भरून येतो. हलका धान कापून झाला की जमीन ओलसर आणि पकड धरणारी असते, तेवढेच काही आठवडे मिळतात. खड्डे दोन फूट खोल केले. तळाला गिट्टीचा थर, मग खांब ओळंब्यात धरून एक-दोन-चारचं काँक्रीट. अँगलला आधी रेड ऑक्साइडचे दोन हात, जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर. खांब सडतो तो तळाशी नाही, जमिनीच्या रेषेवर, कारण पाणी आणि हवा दोन्ही तिथेच एकत्र भेटतात. म्हणून काँक्रीट जमिनीच्या चार बोटं वर आणून चहूबाजूंनी उतार दिला, पाणी खांबाशी थांबायला नको. ओली पोती गुंडाळून आठवडाभर पाणी मारलं. जाळी त्याआधी ताणायची नाही, नाहीतर कोपऱ्याचे खांब आत झुकतात.

जाळी पाच फुटी, दहा गेजची. (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे उलटं गणित लक्षात ठेवा. दहाची तार सव्वातीन मिलीमीटर, बाराची सुमारे 2.6.) ही विणीची जाळी करायचं यंत्र 1844 साली इंग्लंडमधल्या नॉर्विचला चार्ल्स बर्नार्ड यांनी कापडाच्या मागावरून बेतलं. मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या मागांशी तिचं लांबचं नातं निघेल, असं मी घरी म्हटलं, कुणी दाद दिली नाही. असो. साडेचार फूट जाळी वर ठेवली आणि अर्धा फूट जमिनीत गाडली, वर दगड रचले, कारण भुऱ्या उड्या मारणारा नाही, उकरणारा आहे. जाळी खांबांच्या आतल्या, म्हणजे कुत्र्याच्या बाजूने बांधली. कुत्रं अंग टाकतं तेव्हा भार खांबावर जावा, बांधायच्या तारेवर नाही. त्यामुळे खांबांची बाजू आजींकडे गेली. दुमडलेली कड वर घेतली, टोकं असलेली मातीत. दोन इंचांच्या भोकांतून आजींच्या कोंबडीची पिल्लं मजेत आत आली असती, म्हणून खालच्या फुटाला बारीक जाळी वेगळी बांधली.

बिबट्याला हे कुंपण अडवणार नाही, ते खरं. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. आपल्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा आहे, बिबटे त्याच्या सीमा वाचत नाहीत. म्हणून रात्री भुऱ्या पडवीत, दार लावून.

फाटकाची कडी आजींचा हात पोचेल इतकी खाली आणि भुऱ्याच्या नाकाच्या वर लावली आहे. पहिले चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आईने स्वतः फाटक उघडून त्यांना आत घेतलं आणि कडी कशी लावायची ते दाखवलं. भुऱ्या शेपटी हलवत मागे मागे. आता त्या येतात, कडी लावतात आणि ती लागली की नाही ते दोनदा हलवून बघतात. त्यांचा मुलगा अजून माझ्याशी मोजकंच बोलतो. उरलेला तो जाड अँगल भिंतीला टेकून होता, तो मागच्या आठवड्यात त्याने मागून नेला, दोडक्याच्या मांडवाला.