फ्लॉरेन्समधील दोन भोजनें

परमुलखांत ‘हें हवें’ असें सांगणें सोपें. ‘हें चालत नाहीं’ असें सांगणें मात्र कठीण. चिरंजीव व सूनबाई यांच्यासमवेत आम्ही उभयतां इटलीस गेलों, तेव्हां हें आम्हांस चांगलेंच कळून आलें.

आमच्या सूनबाईस ‘सीलिॲक’ नांवाचा विकार आहे. गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें चिकट द्रव्य असतें. तें थोडेंही पोटांत गेलें, तरी अशा माणसाच्या आंतड्याच्या अस्तरास इजा होते. याला पथ्य हेंच औषध.

फ्लॉरेन्स येथें पहिल्या रात्रीं एका खाणावळींत आम्हीं खुणांनींच ‘पाव नको’ म्हणून सांगितलें. वाढप्यानें पावाची टोपली मुकाट्यानें उचलली आणि ऊन ऊन सार आणून ठेविलें. त्यांतील दाणे आम्हांस कडधान्याचे वाटले. तो होता ‘फार्रो’, म्हणजे त्या प्रांतीं आवडीनें खाल्ला जाणारा गव्हाचाच एक जुना प्रकार! सूनबाईची ती सारी रात्र पोटदुखीनें तळमळण्यांत गेली. दोष वाढप्याचा नव्हता. आम्हीं पदार्थ नाकारिला होता. कारण सांगितलें नव्हतें.

दुसरे दिवशीं आम्ही वही घेऊन बसलों व कांहीं वाक्यें घोकलीं. ‘सोनो चेलियाका’, म्हणजे ‘मला सीलिॲक आहे’. पुरुषानें ‘चेलियाको’ म्हणावें. शब्दरूपावली पाठ केलेल्यास हा लिंगभेद जड नाहीं. आम्हींच सांगावयाचें, तर ‘मिआ नुओरा ए चेलियाका’: माझ्या सुनेस हा विकार आहे. ‘सेंत्सा ग्लूतिने’, म्हणजे ग्लूटेनविना. ‘चे फारीना नेल्ला साल्सा?’, म्हणजे रश्शांत पीठ आहे काय?

सायंकाळीं दुसऱ्या भोजनगृहांत हीं वाक्यें आम्हीं अडखळत म्हटलीं. वाढणारी बाई तत्काळ गंभीर झाली व आंत जाऊन आचाऱ्यास विचारून आली. नेहमींचा पास्ता शिजलेल्या पाण्यांत दुसरें कांहीं शिजविलें तर तेंही बाधतें, हें तिनेंच आम्हांस हातवारे करून समजाविलें, आणि वेगळ्या पातेल्यांत केलेला तांदळाचा ‘रिसोत्तो’ आणून वाढला. या रुग्णांच्या संरक्षणार्थ इटलींत २००५ सालीं कायदा झाला असून, शाळा व रुग्णालयें यांच्या भोजनालयांतही मागणी केल्यास ग्लूटेनविरहित जेवण द्यावें लागतें.

सूनबाई पोटभर जेवली. आमच्या घशाखालीं मात्र घास उतरेना. लग्नानंतरच्या पहिल्या होळीस तिनें पुरणपोळी नको म्हटली, तेव्हां “एवढ्याशा तुकड्यानें काय होतें?” असा आग्रह आम्हींच केला होता, आणि वडिलांचा शब्द तिनें मोडला नव्हता. परक्या बाईनें जें एका वाक्यांत ऐकून घेतलें, तें घरच्या लेकीस मायबोलींतही आम्हीं पुरतें बोलूं दिलें नव्हतें.

आतां होळीस आमच्या घरीं तांदळाच्या उकडीचे पुरणाचे मोदक होतात, आणि तेही वेगळ्या भांड्यांत. बाजारच्या हिंगांत पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. म्हणून डबी घेतांना तिच्यावरील बारीक अक्षरें आम्ही स्वतः चष्मा लावून वाचतों.