हललेला हात

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री आमच्या गावच्या देवळापुढील दीपस्तंभ पाजळला होता. आईने खालच्या थरावर शेवटची पणती ठेविली आणि मान वर करून ती ज्योती पाहत राहिली. आम्ही घाईने कॅमेरा डोळ्यांस लावून कळ दाबली. घरी येऊन पाहतो तो आईचा चेहरा ओळखू येईना. पुढील त्रिपुरीस आई नव्हती.

दोष आम्ही प्रथम काळोखास दिला, मग आईच्या थरथरत्या मानेस. बऱ्याच दिवसांनी ते चित्र निरखून पाहिले, तेव्हा प्रत्येक पणतीच्या जागी एकच आकडेदार रेघ उमटलेली दिसली. आई एकटीच हलली असती, तर ज्योती जागच्या जागी ठिपक्यांसारख्या राहिल्या असत्या. सारे दीप एकाच वळणाने वळले, त्या अर्थी हलला तो आमचा हात!

त्या रात्री कॅमेऱ्याचा पडदा १/८ सेकंद उघडा होता. ५० मिलिमीटरचे भिंग हाती धरले असता तो १/५० सेकंदाहून अधिक वेळ उघडा ठेवू नये, असा जुना संकेत आहे. याकरिता भिंगाचे छिद्र मोठे करावे, आयएसओ वाढवावा. चित्र थोडे रवाळ होईल. परंतु रवाळ चेहरा ओळखू येतो, पुसलेला येत नाही. कोपरे बरगड्यांशी धरून सभामंडपाच्या खांबास खांदा टेकावा, श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे आणि कळ हिसका न देता हळूच चेपावी. गर्दीत तिपाई अडचण करते. त्यापेक्षा कठड्यावर तांदळाची लहान पिशवी ठेवून तीत कॅमेरा रुतवावा व दोन सेकंदांच्या विलंबाने त्यालाच चित्र घेऊ द्यावे. अलीकडील पुष्कळ कॅमेऱ्यांत व फोनांत हाताचा कंप सावरणारी योजना असते. मात्र समोरचे माणूस हलले तर तिचा इलाज चालत नाही.

आता दर त्रिपुरीस आम्ही त्याच खांबास टेकून उभे राहतो. चित्रांत पणत्या मोजता येतात, इतकी ती स्वच्छ येतात. आईचे ते हललेले चित्र मात्र आम्ही टाकिलेले नाही. यंदा वाचकांच्या घरची वडीलधारी मंडळी उत्सवास येतील, तेव्हा कळ दाबण्यापूर्वी त्यांनी एक श्वासभर थांबावे, एवढीच विनंती.