कणगीत किती उरलंय?

"सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा तरी ऐकते. जळगावात एका लॅबमध्ये मी नोकरीला आहे. रिपोर्ट हातात पडला की माणसं ठळक छापलेला आकडा शोधतात. तो नसला की कागदाची घडी थेट खिशात. धुळ्यात माझी मायही तेच करायची. हिमोग्लोबिन १२.३. बायकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची हद्द १२, म्हणजे माय पास. पण जिना चढताना ती दोनदा थांबायची आणि भातासाठी काढलेले कच्चे तांदूळ चघळत बसायची.

तांदूळ, खडू, माती, बर्फ खावासा वाटणं हे लोह कमी असल्याचं जुनं लक्षण. मग हिमोग्लोबिन ठीक कसं?

ज्यांच्या घरी कणगी होती त्यांना हे लगेच कळेल. कणगीतले दाणे तळाला गेले तरी ताटात भाकरी येतच असते. भाकरी बंद होते सगळ्यात शेवटी. हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी. कणगी म्हणजे यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत साठवलेलं लोह, आणि तिच्यात डोकावून बघायची सोय म्हणजे फेरिटिनची तपासणी. शरीर दर सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी बनवतं. एक पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मेली की तिच्यातलं लोह पुन्हा वापरात येतं. रोज २०-२५ मिलिग्रॅम लागतं, त्यातलं अन्नातून येतं एक-दोनच. इतका काटकसरीचा संसार! पण महिन्याची पाळी १५-२० मिलिग्रॅम घेऊन जाते, बाळंतपण त्याहून कितीतरी जास्त. पुरुषाच्या साठ्यात हजारेक मिलिग्रॅम असतं, बाईच्या जेमतेम तीनशे.

मायचं फेरिटिन निघालं ९. निरोगी मोठ्या माणसात ते १५ च्या खाली गेलं तर साठा संपला, असं तीच संघटना सांगते. आणि कित्येक लॅबच्या रिपोर्टवर बायकांसाठी खालची हद्द छापलेली असते १० च्या आसपास! ही हद्द ठरते 'निरोगी' बायकांचं रक्त तपासून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. इथे निरोगी म्हणून उभं कोणाला करणार? मला त्या छापील रेंजचा रागच येतो.

अर्थात फेरिटिनही कधीकधी फसवतं. अंगात ताप किंवा सूज असली की ते वाढतं. आणि शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. तिथे रक्त कमी दिसलं म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, आधी ती तपासणी हवी.

मायला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चहा लोह अडवतो, गोळीबरोबर घ्यायचा नाही, हे ऐकून तिचा चेहरा पडला. जेवण झालं की कपभर चहा हा आमच्याकडे धर्म. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तासांनी. तिसऱ्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "तांदूळ खावासाच वाटत नाही गं."

हे तिने गल्लीभर सांगितलं असणार. परवा घरी गेले तर तीन शेजारणी रिपोर्ट घेऊन ओट्यावर बसलेल्या. "नॉर्मल शे ना, बाई?" मी आकड्यांआधी विचारलं, पाळी किती दिवस चालते? तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या.